कर्मचाऱ्यांवरील ताण: तीन देशांत एकच उपक्रम चालेल का?

प्रश्न
आमच्या कंपनीची कार्यालये अमेरिका, जपान आणि फ्रान्समध्ये आहेत. तिन्हीकडे ध्यानाचे ॲप, योगवर्ग आणि दूरध्वनीवरून समुपदेशन असा एकच उपक्रम सुरू करण्याचा मनुष्यबळ विभागाचा विचार आहे. त्याने ताण खरोखर कमी होतो का, आणि देशागणिक काय बदलावे लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांचे यादृच्छिक गट पाडून असा उपक्रम तपासला, तेव्हा पहिल्या वर्षानंतर वैद्यकीय खर्चात किंवा आरोग्याच्या सवयींत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वेच्छेने भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च मुळातच कमी होता. त्यामुळे 'सहभागी कर्मचारी अधिक निरोगी' असा तक्ता कोणी विकायला आणला, तर तो जरा जपूनच वाचावा.

प्रतिसाद २
जपानमध्ये हा विषय ऐच्छिक नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला डिसेंबर २०१५ पासून वर्षातून एकदा ताणतपासणी करावी लागते. त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५७ प्रश्नांच्या प्रश्नावलीत कामाचा बोजा, शरीर-मनाच्या तक्रारी आणि वरिष्ठांचा आधार यांविषयी विचारले जाते. निकाल थेट कर्मचाऱ्याला कळवतात. त्याच्या संमतीशिवाय तो मालकाला पाहता येत नाही. खरी मेख पुढे आहे. ताण जास्त निघाल्यास डॉक्टरांची भेट मिळते, परंतु ती मालकाकडेच मागावी लागते, म्हणजे मागणी करताच गोपनीयता संपते. अशा मागणीवरून कर्मचाऱ्याला त्रास देण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही बढतीच्या तोंडावर कोण अर्ज करील? विभागवार निकाल पाहून कामाची पद्धत सुधारणे, जे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, ते मात्र सक्तीचे नसून मालकाने प्रयत्न करावा एवढेच अपेक्षित आहे.

प्रतिसाद ३
फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून अलिप्त राहण्याच्या हक्कावर कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. तिथे रात्री अकराला ध्यानाची आठवण करून देणारे ॲप शोभणार नाही.

प्रतिसाद ४
ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान, ॲप किंवा तणाव-व्यवस्थापनाचे वर्ग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले नाहीत. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण समुपदेशन वगळता बाकी खर्चाचा पुनर्विचार मी नक्की करीन.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. ॲपचा करार तूर्त थांबवायला सांगतो. कोणत्या विभागात सुट्टीच्या दिवशीही ईमेल जातात आणि ते कोण पाठवते, याची नोंद आधी मागवत आहे.