कुत्रा दत्तक घ्यायचाय, बजेट बेताचं. सल्ला हवा

धायरीची_वहिनी: नमस्कार. पुण्यात वन बीएचके, तिसरा मजला. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. दुपारी घरी फक्त सासरे. विकत घ्यायचा नाही, दत्तकच. सुरुवातीला तीन हजार, पुढे महिन्याला दीड हजार, त्यापुढे जमणार नाही. पिल्लू घ्यावं की मोठा? लसी स्वस्तात कुठे मिळतील? बजेट बघून सांगा प्लीज.

लॅबवाला: डोळे झाकून लॅब्रॅडॉर घ्या. आमचा ब्रुनो पंचवीस हजारांना आणला, मुलं त्याच्या अंगावर लोळतात. महिन्याला सहा-सात हजार जातात, पण हौसेला मोल नाही.

धायरीची_वहिनी: दादा, दीड हजार लिहिलंय वर 🙂

लॅबवाला: सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.

सांगलीकरीण: गावठीच घ्या. माहेरी आमची चंपी दूध-भाकरीवर म्हातारी होऊन गेली. लस नाही की डॉक्टर नाही.

फिरस्ता: चंपीचं नशीब थोर. पण ताई, घरात लहान मुलगी आहे, लस नको असं सांगू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर, मग दर वर्षी. शिवाय बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

सांगलीकरीण: आमच्या चंपीला कधी झाले नाहीत.

ओसरी: वहिनी, मी रस्त्यावरची पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळते, म्हणून जरा लांबण लावते. पिल्लू गोड दिसतं आणि पैसे तेच खातं. सहा-आठ आठवड्यांपासून सेव्हन-इन-वनचे (अनेक रोगांवरची एकत्र लस) डोस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. त्यात जंताचं औषध पुन्हा पुन्हा. डोस पूर्ण होईपर्यंत खाली मातीत सोडायचं नाही, कारण पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा) विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पार्व्हो झाला तर सलाईनवरच तुमचं वर्षाचं बजेट जाईल. आणि दिवसभर फरशी कोण पुसणार? सासरे?

त्यापेक्षा दीड-दोन वर्षांची, नसबंदी झालेली मादी बघा. लसींचं पुस्तक मागून घ्या, नुसत्या शब्दावर विसंबू नका. रस्त्यावरून उचललेली असेल तर कान बघा, पालिकेच्या नसबंदीत कानाला खाच पाडतात. चांगली संस्था घर बघायला येते, लेखी घेते, शंभर प्रश्न विचारते. राग मानू नका, तेच बरं लक्षण. 'लॅब फुकट, फक्त गाडीभाडं आधी पाठवा' असा मेसेज आला की नंबर ब्लॉक.

लसीसाठी औंधचा सरकारी पशुदवाखाना. केसपेपर अगदी स्वस्त, पण सकाळी लवकर जा.

फिरस्ता: औंधला +१. लस साठ्यात आहे का ते आधी विचारून जा. मी एकदा कुत्र्याला घेऊन रिक्षाने हात हलवत परत आलोय.

चेअरमन_माजी: सोसायटीची एनओसी घेतलीत का? आमच्याकडे जनरल बॉडीने ठराव करून कुत्री बंद केली.

ओसरी: काका, तो ठराव चालत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना वाचा. बहुमत असलं तरी बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही.

चेअरमन_माजी: आणि जिन्यातली घाण मंडळ येऊन काढणार का?

ओसरी: ती मालकाने काढायची, त्याबद्दल वाद नाही. महापालिकेचा परवानाही काढायचा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

लॅबवाला: खाण्याचं कोणीच बोलत नाही. ब्रुनोला इम्पोर्टेड फूड देतो, काय चकाकी आहे अंगावर!

फिरस्ता: घरचा भात, उकडलेलं अंडं किंवा चिकन, लाल भोपळा, थोडं दही. डॉक्टरला प्रमाण विचारून घ्या. कांदा-लसणाची भाजी, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. मुलांना हे आधी शिकवा.

सांगलीकरीण: चंपी तर रस्सा-भाकरी खायची.

निवांत_नाशिक: वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, तरी सांगतो. पिल्लू नको, मोठा घ्या. फक्त म्हातारा घेऊ नका. दात, सांधे, मूत्रपिंड, एकेक निघत जातं.

ओसरी: हे मात्र खरं. तुमच्या बजेटमध्ये म्हातारा कुत्रा बसणार नाही.

धायरीची_वहिनी: सगळ्यांचे आभार. घेतली! नऊ वर्षांची पोमेरेनियन. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी मुलाकडे परदेशात चालल्या होत्या. लसी पूर्ण, नसबंदी झालेली, पट्टा-भांडी-गादीसकट मिळाली. आमचा खर्च फक्त तपासणीचा.

ओसरी: वहिनी!! एवढं लिहिलं मी.

धायरीची_वहिनी: हो ताई, अगदी नीट वाचलं. पण दुपारी तिच्याजवळ सासरेच असणार, आणि त्यांना पिल्लामागे धावणं जमायचं नाही. दोघं जेवून एकदम झोपतात. दातांचा खर्च ते पेन्शनमधून करणार आहेत, 'तू मध्ये पडू नकोस' म्हणाले. आता एकच शंका. उन्हाळ्यासाठी केस बारीक कापून आणू का?

लॅबवाला: हो, झिरो मशीन मारा.

ओसरी: मुळीच नको! पोमेरेनियनला केसांचे दोन थर असतात, ते उन्हापासूनही वाचवतात, आणि भादरले तर पुन्हा धड येतीलच असं नाही. रोज विंचरा, गोचीड बघा, दुपारी पंखा लावा.

धायरीची_वहिनी: पंखा आहेच, सासऱ्यांचा.