रिकामे घर विकताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

शहापूर, बेळगाव

आई-वडील गेल्यावर कुलूप लागलेली घरे आपल्याकडे प्रत्येक गल्लीत दोन-तीन तरी सापडतात. मुले पुण्याला, बेंगळूरला किंवा गोव्यात असतात आणि दार उघडते ते गणपतीलाच. असे घर लवकर विकून खर्चातून मोकळे होण्याचा ज्यांनी प्रयत्न केला, त्यांनी येथे लिहावे, ही विनंती. किती महिने लागले, नेमके कशाने अडले आणि दर किती खाली आणावा लागला, एवढे कळले तरी पुरे. एजंटांची नावे मात्र लिहू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. आमचे घर विणकराचे. पुढच्या सोप्यात हातमागाचा खड्डा तसाच होता, आणि घर बंद पडल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचून शेजारच्या मातीच्या भिंतीने ओल धरली. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवा लागला नाही तरी येणारे विजेचे स्थिर शुल्क, दर मे महिन्यातली शाकारणी आणि परसातले गवत काढणाऱ्याची मजुरी धरून वर्षाला ३४ हजार रुपये जात होते. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली तर ५ टक्के सूट मिळते, हे ठाऊक असूनही पुण्यात बसून ते राहून जाई, आणि जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड चढे. शेवटी ठरवले की ५८ लाखांचे घर ५० ला गेले तरी चालेल, पण दिवाळीआधी गेले पाहिजे.

गिऱ्हाईक तीन आठवड्यांत मिळाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये संचकारही (विसाराची रक्कम) घेतला. प्रत्यक्ष खरेदीखताला त्यानंतर चौदा महिने लागले. मूळ खत १९३८ चे, मोडीतले. १९५६ नंतर आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात गेल्यामुळे नंतरच्या नोंदी कन्नडमध्ये. आणि दोन्हींत आमचे आडनाव निरनिराळे लिहिलेले. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने ते नेमके पकडले. मग मोडी वाचणारे गृहस्थ शोधले, लिप्यंतर करून घेतले आणि दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, असे प्रतिज्ञापत्र केले. ई-खाते, म्हणजे महापालिकेच्या नोंदीचा संगणकीय उतारा, असल्याशिवाय आता नोंदणी होत नाही, आणि खाते आजोबांच्याच नावावर राहिल्याने आधी दोन पिढ्यांच्या वारसा नोंदी करणे भाग पडले. तेवढ्यात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्याचे २ टक्के झाले. उशीर आमच्यामुळे झाला असे म्हणून गिऱ्हाइकाने तो फरक आमच्याकडूनच कापून घेतला, आणि त्याचे चुकले असे मला म्हणता येत नाही. घाईपोटी सोडलेल्या आठ लाखांनी एक दिवसही वाचला नाही.

खानापूर तालुका, जांबोटीच्या अलीकडचे गाव

आमचे घर चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे. आमच्याकडच्या पावसात बंद घर तीन वर्षे टिकत नाही. एक कौल सरकले की वाशाला पाणी लागते, वाशाला पाणी लागले की वाळवी, आणि चौथ्या वर्षी आढे खाली येते. गावठाणातल्या घराला शेतासारखा उतारा नसतो. ग्रामपंचायतीचे नमुना ९ आणि नमुना ११ हे घराचे उतारे संगणकावर निघाल्याशिवाय खरेदीच होत नाही, आणि नमुना ९ साठी मोजणी लागते. गोव्याच्या एका गिऱ्हाइकाने दुप्पट दर बोलला, पण मोजणीचे नाव निघताच तो पुन्हा दिसला नाही. शेवटी ज्या भाऊबंदाची भिंत आमच्या भिंतीला लागून होती, त्यालाच निम्म्या दरात दिले. मोजणीच्या दिवशी हद्दीवरून एक शब्दही निघाला नाही, कारण हद्द दोन्हीकडून त्याचीच होणार होती.

कोल्हापूर (माहेर बेळगावच्या वडगावचे)

वरच्या दोन्ही अनुभवांत बहिणींचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते. आमच्या दादांनी संचकार घेतल्यानंतर मला फोन करून ‘फक्त सहीला ये’ असे सांगितले. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या वकिलाकडून कळले, माझ्याकडून नव्हे. मी हक्कसोडपत्र दिले नाही. विक्रेती म्हणून सही केली आणि वाट्याचा धनादेश घेतला. विक्री त्यामुळे पाच महिने लांबली आणि भावजय अजून अबोल आहे. घर माझ्यामुळे अडले, असे नात्यात म्हटले जाते. संचकाराआधी एक फोन केला असता तर अडण्याचे कारणच नव्हते.

निपाणी

आमचे तंबाखूच्या दिवसांतले मोठे घर, मागे वखार. त्या वखारीच्या छपराच्या दुरुस्तीलाच दर दोन वर्षांनी लाखाच्या घरात खर्च येई. लवकर जावे म्हणून आम्ही सरकारी मार्गदर्शक मूल्याच्या खाली उतरायला तयार होतो. सीएंनी थांबवले. ते मूल्य करारातील रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकराच्या हिशेबात विक्री त्या मूल्यालाच झाली असे धरतात, म्हणजे न मिळालेल्या पैशांवर कर. आणि मुद्रांक शुल्कही खरेदीदाराला त्याच मूल्यावर पडते. दुसरी गोष्ट दुबईच्या भावाची. त्याचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागले. अनिवासी असल्याने त्याच्या वाट्यातून टीडीएस आमच्यासारखा १ टक्का नव्हे, तर कितीतरी अधिक कापला जाणार होता. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मागवला नसता, तर पुढच्या विवरणपत्रापर्यंत ते पैसे अडकले असते.

टिळकवाडी

मी विकले नाही. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेल्या एका कुटुंबाला कमी भाड्यात अकरा महिन्यांच्या कराराने दिले. भाड्यात घरपट्टी आणि रंग एवढेच निघते, पण चूल पेटत असल्याने वाळवी थांबली. कागद मात्र सावकाश, घाई नसताना करून ठेवतो आहे.

अनगोळ

मी घेणारा आहे, तरीही लिहू द्यावे. दोन वर्षांत अकरा बंद घरे पाहिली. बहुतेक मालक ‘आज पैसे द्या, दर पाडतो’ म्हणत, आणि तीस वर्षांची ईसी (मिळकतीवरील व्यवहार व बोज्यांचा दाखला) मागितली की पुढच्या महिन्यावर नेत. एका घरी मालकीणबाईंनी दार उघडण्याआधीच पिशवीतून ईसी, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, ई-खाता आणि चारही भावंडांच्या आधारच्या प्रती काढून ओट्यावर मांडल्या. घर लहान होते, न्हाणीघराचे छत गळत होते आणि दर बाजारापेक्षा दोन लाखांनी चढा होता. मी घासाघीस न करता घेतले. सत्तावीस दिवसांत खरेदी झाली. विजेचे बिल तेवढे अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावाने येते.