अनुभव धागा : भाड्याच्या फ्लॅटमधलं लॅन

मुंबईत चार-पाच पोरांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये कनेक्शन एक आणि मशिनं ढीगभर. तुम्ही लॅन (घरातली मशिनं एकमेकांना जोडणारं जाळं) कसं टाकलंत, कुठे अडलं, ते लिहा. वायफाय असताना तार कशाला, असं नवी मुलं विचारतात. मी अजूनही तारेच्याच बाजूने आहे.

माटुंगा
लॅमिंग्टन रोडवरून आठ पोर्टचा गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे सगळ्या केबल एकत्र येतात तो डबा, कॅट ५ई ही आठ तारांची केबल, तिच्या टोकाला बसणारे आरजे-४५ कनेक्टर आणि ते दाबून बसवायचा क्रिंपर आणला. कनेक्टरमधल्या तारांचा क्रम पाठ झाला होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ सोडवायचा, तारा अंगठ्याने सरळ करायच्या, टोकं एका रेषेत कापायची. कनेक्टर समोरून बघितला की तांब्याचे आठही ठिपके दिसले पाहिजेत, मगच क्रिंपर दाबायचा. तरी आतल्या खोलीत स्पीड १०० एमबीपीएसच्या वर जाईना. टेस्टर (प्रत्येक तारेसाठी एक दिवा असलेलं तपासणी यंत्र) लावला तर चार नंबरचा दिवा बंद, म्हणजे निळी तार. १०० ला आठांतल्या चारच तारा लागतात आणि निळी त्यांत नसते, म्हणून लिंक चालू दिसत होती. गिगाबिटला आठही हव्यात. टोक कापून नवा कनेक्टर मारला आणि फायली धावायला लागल्या!

दादर
नव्वदच्या दशकातलं सांगतो. कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी गोल) या मशिनवरून त्या मशिनवर, प्रत्येकामागे टी आकाराचा कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी टोपणं. कुणी टेबल सरकवताना मधला जोड निघाला की सगळ्यांचंच बंद. स्विचचं मोल आम्हाला विचारा.

अंधेरी पूर्व
रूममेटने दुसरा राउटर आणून पहिल्याच्या लॅन पोर्टाला जोडला. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि दोघंही मशिनांना आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटत सुटले. कुणाचं नेट चालायचं, कुणाचं नाही. दुसऱ्याचं डीएचसीपी (आयपी वाटायची सोय) बंद केलं, पत्ता १९२.१६८.१.२ दिला, भानगड मिटली.

गिरगाव
घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. दाराच्या चौकटीवरून प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून त्यातून केबल नेली, त्यांनाही चाललं. पावसात बाहेरचं नेट गेलं तरी शेअर्ड फोल्डरमधल्या नोट्स सगळ्यांना उघडता यायच्या, परीक्षेच्या तोंडावर याचा फार आधार वाटला. फोल्डर मात्र फक्त वाचण्यापुरताच शेअर करा, आणि ज्याच्या मशिनवर तो आहे त्याला झोपताना मशीन बंद करू देऊ नका.