वजन ५२ किलोच, पण पोट सुटलंय

वय ५३, उंची पाच फूट. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. काटा हलत नाही, पण परकराची नाडी जेमतेम पुरते. आई बारीकच होती, तरी ५८व्या वर्षी अटॅक आला. छातीत दुखलंच नाही. जबडा दुखतो म्हणून आम्ही दाताच्या डॉक्टरांकडे नेलं! मला भीती बाळगायला हवी का?

— ताई, काटा राहू द्या, टेप घ्या. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की चरबी पोटात साठते, त्यातून बीपी, साखर वाढते.

— आईला पासष्टीच्या आत अटॅक आला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

— आत्ताच मोजली. ८६ भरली. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला जाते, धाकट्या बहिणीलाही नेते.