वजन अडकलंय. प्रोटीन वाढवलं तर काटा हलेल का?

सायलेंटमोड:
वय ४७, उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो. आधी वजन व्यवस्थित उतरत होतं, आता महिनाभर काटा जागचा हलत नाही. खाणं १५०० कॅलरीच्या आसपास, चालणं रोजचं. जो तो म्हणतो प्रोटीन वाढवा. पण किती, आणि कोणत्या वजनावर मोजून? सध्या पन्नासेक ग्रॅम जातं, त्यातलं निम्म्याहून जास्त रात्रीच.

त्रैराशिक:
किलोमागे ०.८ ग्रॅम हा आकडा कमतरता होऊ नये म्हणून आहे. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर १.२ ते १.६ धरा. मात्र आजच्या वजनाने गुणू नका, चरबीपायी आकडा उगाच फुगतो. तुमच्या उंचीला बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ येईल ते वजन घ्या: १.६ × १.६ × २५ = ६४ किलो. गुणिले १.४, म्हणजे ९० ग्रॅम.

वाटणीही महत्त्वाची. वय वाढतं तसे स्नायू थोडक्या प्रोटीनला दाद देत नाहीत, म्हणून तिन्ही जेवणांत २५ ते ३० ग्रॅम हवं. बहुतेकांचं घोडं सकाळी अडतं. ३ अंडी (१८) आणि २५० मिली दूध (८) घेतलं की सकाळ भागली. दुपारी २०० ग्रॅम शिजलेली मसूर (१८) आणि १०० ग्रॅम पाणी गाळलेलं घट्ट दही (९). रात्री १०० ग्रॅम शिजलेलं चिकन (३०), किंवा कोरडे ५० ग्रॅम सोया चंक्स (२५). उरलेलं धान्यातून येतं.

उणेअधिक:
हिशोब बरोबर, पण हे ४० ग्रॅम *वर* खाल्ले तर वजन वाढेल. ते कशाच्या तरी जागी यायला हवेत: थोडं तेल, थोडं धान्य, गोड. आणि कशातून घेता तेही बघा. ४० ग्रॅम प्रोटीन बदामातून घ्यायचं तर १९० ग्रॅम बदाम, म्हणजे ११०० कॅलरी! बदाम हा चरबीचा पदार्थ, प्रोटीन त्यात जोडीला.

‘प्रोटीन पचवायलाच कॅलरी जळतात’ हे खरं, पण फार ताणलं जातं. प्रोटीनच्या २० ते ३० टक्के कॅलरी पचनात जातात, कर्बोदकांच्या ५ ते १०. ४० ग्रॅमच्या १६० कॅलरींवर फरक पडतो जेमतेम तीसेक कॅलरींचा. खरा फायदा भूक आवरण्यात आणि स्नायू राखण्यात.

सायलेंटमोड:
पदार्थाचं वजन कच्चं असताना करायचं की शिजवल्यावर? कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये दोन्ही दिसतं.

त्रैराशिक:
कोणतंही चालेल, फक्त नोंद त्याचीच हवी. १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये २२-२३ ग्रॅम प्रोटीन, शिजलेल्यात ३० च्या आसपास, कारण पाणी उडालेलं असतं. डाळीचं उलट: कोरड्या १०० ग्रॅममध्ये २४, शिजलेल्यात ९. वाटीभर शिजलेली डाळ ‘कोरडी’ म्हणून नोंदली की कागदावर अडीचपट प्रोटीन, पोटात काहीच नाही. पावडर घेत असाल तर डब्यावर ‘एका चमच्यात किती ग्रॅम पावडर’ आणि ‘त्यात किती प्रोटीन’ हे दोन्ही वाचा. चांगल्या व्हे (दुधातल्या प्रोटीनच्या) पावडरच्या ३० ग्रॅममध्ये २४ च्या आसपास असतं.

लोखंडी:
नुसत्या चालण्याने स्नायूंना टिकून राहायचं कारण मिळत नाही. आठवड्यातून दोनदा बैठका, ढकलण्याचे आणि ओढण्याचे व्यायाम करा, प्रत्येकी २-३ सेट. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. नवा व्यायाम सुरू केला की स्नायूंत पाणी साठतं आणि काटा चक्क वर जातो, तेव्हा घाबरून खाणं कमी करू नका. रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी बघा, सोबत कमरेचा घेर. पाळी अजून येत असेल तर तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी.

उणेअधिक:
प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनीचं काम दाखवणारे रक्ततपासणीतले आकडे) बघून घ्या. किडनीचा आजार असेल तर ९० हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती दूध-सोयासोबत नको, अंतर ठेवा. आणि फायबर २५ ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. धान्य कापून नुसती अंडी-चिकन वाढवली की चार दिवसांत पोट साफ होईनासं होतं, आणि ते वजनही काट्यावर दिसतंच.