गॅसवर गाडी मस्त, पेट्रोलवर टाकली की मिसिंग. इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या) घरी साफ करावेत का?

सुरूरफाटा:
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीला व्होल्टेज देणारी वेगळी कॉइल. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलंय. पुणे-सातारा सतत चालू असतं, त्यामुळे पेट्रोलचं तोंड गाडी फक्त सकाळी स्टार्ट होताना बघते.

मागच्या आठवड्यात खंबाटकीच्या चढाला गॅस संपला, गाडी पेट्रोलवर गेली आणि गचके द्यायला लागली. पाय दाबला की चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा, पाय काढला की नुसता पेटून राहायचा. कशीबशी घाट उतरून सुरूरला आणली. गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावला तर पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. कोड पुसला. गॅसवर काहीही तक्रार नाही, पेट्रोलवर टाकली की पाच मिनिटांत तोच कोड हजर.

प्लग दिवाळीत बदललेत. गॅरेजवाला म्हणतो चारही इंजेक्टर नवीन टाका. व्हिडिओत लोक कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर घरीच साफ करताना दिसतात. करावं का?

मनमौजी_नाशिक:
एवढं कशाला? टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओता आणि हायवेला शे-दोनशे किलोमीटर पळवा. माझी सुधारली होती.

कॉइलवाला:
कॉइलच असणार. तीन नंबरची एक नंबरला लावा. कोड पी०३०१ झाला की केस क्लोज.

जुना_फिटर:
बाटली आणि कॉइल दोन्ही जरा बाजूला ठेवा. अर्धं उत्तर प्रश्नातच आहे. गॅसवर नीट चालते ना? मग प्लग तोच, कॉइल तीच, कॉम्प्रेशनही तेच. उलट गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल मरायला टेकली असती तर तिने आधी गॅसवर बोंब मारली असती. पंपाची किंवा फिल्टरची भानगड असती तर चारही सिलिंडर रडले असते. उरला तिसरा इंजेक्टर, नाहीतर त्याची वायर.

वायर म्हणजे फक्त कंपनीची नव्हे. गॅसवर गेल्यावर पेट्रोलचे इंजेक्टर बंद राहावेत म्हणून किटवाले प्रत्येक इंजेक्टरच्या वायरीत मध्येच आपलं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, घालतात. तो जोड कुणी सोल्डर मारून स्लीव्ह चढवून करतो, कुणी नुसता पिळून टेप गुंडाळतो. दोन पावसाळ्यांत टेप सुटते आणि तांबं हिरवं पडतं. त्यात उंदरांना बोनेटखालची ऊब आवडते, ते वेगळंच. त्यामुळे मी आधी टेप सोलून बघतो, पाना नंतर हातात घेतो.

जोड ठीक असेल तर गाडी पेट्रोलवर आयडलिंगला ठेवा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवा, मूठ कानाला. बेल्ट आणि फॅनपासून बाही सांभाळा. तिसरा टकटकत नसेल तर साफसफाईचा विषय सोडा, वायरीच्या मागे लागा. टकटकत असेल तर इंजिन बंद करून सॉकेट काढा आणि इंजेक्टरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. या जातीच्या इंजेक्टरला साधारण ११ ते १६ ओहम येतात. आकड्यापेक्षा चौघं एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. कोण काम करत नाही हे शोधायला काही जण चालू इंजिनात कॉइल उपटतात. ते करू नका. शॉक बसतो तो बसतोच, वर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. इंजेक्टरचं सॉकेट काढलं तर निदान त्या सिलिंडरला पेट्रोल जातच नाही. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटायची नाही, तीही याच कारणाने.

एवढं करून संशय इंजेक्टरवरच राहिला तर दोन आणि तीन नंबरची अदलाबदल करा. सॉकेटं जागच्या जागी, फक्त इंजेक्टर इकडचा तिकडे. खोलण्याआधी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी पेट्रोलवर चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढा. ती आपोआप बंद पडेल, मग एकदा सेल्फ मारा. रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, तसंच ओढलंत तर पेट्रोल थेट डोळ्यांत. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली माती आधी हवा मारून उडवा, नाहीतर ती सरळ आत. खाली फडकं धरा, रेलचे बोल्ट काढा आणि रेल सरळ वर उचला. गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही. इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंग नव्याच टाका, बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा. खालची रिंग चिमटली तर हवा ओढते आणि आयडलिंग डोलायला लागतं, मग नवीनच मिसिंग शोधत बसाल.

घरी धुवायचं असेल तर अंगणात किंवा गच्चीवर, गॉगल घालून. बॅटरी नऊ व्होल्टचीच, तीही टिचक्या दिल्यासारखी, लावली-काढली. गाडीच्या बॅटरीवर धरून ठेवलात तर इंजेक्टरच्या आतली कॉइल जळेल. वायरी लांब ठेवा आणि जोड फवाऱ्यापासून दूर करा, कारण ठिणगी जोडापाशी पडते आणि कार्ब क्लीनर पेट्रोलइतकाच भडकतो. तोंडाच्या भोकात टाचणी घालायची नाही. हे सगळं साध्या एमपीएफआय गाडीचं, म्हणजे जिथे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं. डायरेक्ट इंजेक्शन किंवा डिझेल कॉमन रेल असेल तर घरी हात लावू नका, तिथली प्रेशरं वेगळ्याच दुनियेतली.

डोंबिवली_फास्ट:
काका, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा इंजेक्टर धुवायच्या मशीनवर देणं सोपं नाही का?

जुना_फिटर:
आहेच की. पण आधी दोष कुठला ते कळू दे. वायर तुटलेली असताना इंजेक्टर मशीनवर धुऊन आणलेले बघितलेत मी.

सुरूरफाटा:
अपडेट. जोडांवर स्लीव्ह होती, सगळे ठणठणीत. टकटक चौघांची येते. ओहम अनुक्रमे १२.१, १२.२, १२.४, १२.१. म्हणून रविवारी दोन आणि तीनची अदलाबदल केली, पेट्रोलवर एक फेरी मारली आणि कोड आला पी०३०२. कोड इंजेक्टरबरोबर सरकला.

मग तो एकटा बाहेर काढून अंगणात उलटा धुतला. तोंडाच्या बाजूने सिरिंजने क्लीनर दाबायचा आणि टिचक्या द्यायच्या. पांढऱ्या फडक्यावर चहासारखं पाणी आलं. मग सरळ बाजूने बघितलं. सुरुवातीला एकाच बाजूला वाकडी बारीक धार होती, हळूहळू फवारा उघडला. तरी शेजाऱ्याइतका भरगच्च नव्हता. शेवटी चारही जण साताऱ्यात मशीनवर दिले. समोरच चार काचेच्या नळ्या भरताना दाखवल्या, या पठ्ठ्याची पातळी बोटभर खाली. अल्ट्रासॉनिकमधून, म्हणजे ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या टाकीतून, काढल्यावर चौघं सारखे. आता गाडी पेट्रोलवरही गुपचूप चालते. @जुना_फिटर काका, चार नव्या इंजेक्टरचे पैसे वाचवलेत.

डोंबिवली_फास्ट:
पण गॅसवर असताना पेट्रोलचा इंजेक्टर बंदच असतो. वापर नाही तर घाण कुठून आली?

जुना_फिटर:
वापर नाही म्हणूनच. चालत्या इंजेक्टरमधून पेट्रोल वाहतं, ते त्याला धुतं आणि गारही ठेवतं. गॅसवर इंजेक्टर बंद, पण बसलेला तापलेल्या हेडच्या तोंडाशी. टोकाला उरलेला थेंब वाळतो आणि मागे चिकट थर सोडतो. त्यात गॅसवाल्यांच्या टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने तेच. आता तर वीस टक्के इथेनॉलचं, म्हणजे हवेतला ओलावा आणखी ओढणार. मनमौजींची बाटली सुरुवातीच्या थराला चालते, पण तेवढ्यासाठी गाडी पेट्रोलवर पळवायला हवी. गॅसवर दोनशे किलोमीटर मारून बाटलीतलं काय पोचणार इंजेक्टरपर्यंत?

रोज थोडं अंतर गाडी गरम झाल्यावर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. टाकी रिझर्व्हला लोळू देऊ नका, पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो. बऱ्याच बाहेरच्या किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरत असतो, तुमच्यात काय आहे ते किटवाल्याला विचारा. आणि हो, गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. तुमची शेवटची कधी झाली? प्लेटवरची तारीख बघून इथे टाका.