एआयएसचा डबा लॅपटॉपला लावलाय पण सॉफ्टवेअरला पोर्टच दिसत नाही

मालीमचोपोर:
काकांच्या ट्रॉलरवर क्लास बी एआयएस (बोटीचा ठावठिकाणा रेडिओवरून आपोआप पाठवणारा डबा, लहान बोटींसाठीचा) बसवायचाय, मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत आहे आणि बोट मालीम जेटीवर उभीच आहे, म्हटलं तेवढ्यात उरकून घेऊ. डबा पर्वरीला घरी आणला, यूएसबी केबल लावली, सोबतचं सॉफ्टवेअर टाकलं, पण पोर्टची यादी कोरी. डब्यावरचा एकही दिवा लागत नाही. विंडोज १० आहे. आणि काका म्हणतात एमएमएसआय नंबर (बोटीचा रेडिओवरचा ओळख नंबर) हातात येईपर्यंत शेजारच्या बोटीचा टाकून बघ चालतो का ते, टाकू काय?

वायरमन_वास्को:
दिवाच नाही म्हणजे पॉवर नाही रे. हे डबे बहुतेक यूएसबीवर चालत नाहीत, ती केबल नुसती डेटासाठी. बॅटरी दे, १२ चालते की २४ ते लेबलवर बघून. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स उघडून ठेव आणि केबल काढ-घाल कर, जो कॉम नंबर येतो-जातो तो तुझा. पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. आणि मोबाईल चार्जरची केबल लावली असशील तर बदल, काहींत डेटाच्या तारा नसतातच.

तांडेलाचो_पूत:
शेजारच्याचा नंबर अजिबात टाकू नको!! बऱ्याच क्लास बी डब्यांत एमएमएसआय एकदाच लिहिता येतो, सेव्ह झाला की लॉक, मग डबा विक्रेत्याकडे नाहीतर कंपनीकडे पाठवा, म्हणून तर सॉफ्टवेअर दोनदा टाईप करायला लावतं. आणि दर्यात एकाच नंबराच्या दोन बोटी म्हणजे पडद्यावर एकच बोट इकडून तिकडे उड्या मारणार, उद्या खरंच काही झालं तर शोधायचं कुणाला? नंबर ९ आकडी असतो, आपल्याकडचा ४१९ ने सुरू होतो. कागद येईपर्यंत तो रकाना कोरा ठेव, बाकी नाव, कॉल साइन (रेडिओवर बोटीला हाक मारायचं सांकेतिक नाव), बोटीचा प्रकार भरून घे, ते पुढे बदलता येतं.

मालीमचोपोर:
देव बरें करूं! बॅटरी दिली, दिवे लागले, कॉम ५ आला. पण आता कनेक्ट केलं की पोर्ट उघडता येत नाही म्हणतो. अँटेनाच्या ए, बी, सी, डी रकान्यांत काय भरायचं तेही सांगा.

वायरमन_वास्को:
मागे ओपनसीपीएन (दर्याच्या नकाशांचा प्रोग्राम) चालू आहे काय? एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम धरतो, ते बंद कर. तरी नाही झालं तर केबल काढून परत लाव.

तांडेलाचो_पूत:
जीपीएस अँटेना बसेल तिथून टेप धर. ए म्हणजे नाळेपर्यंत (बोटीचं पुढचं टोक), बी मागच्या टोकापर्यंत, सी डावीकडे, डी उजवीकडे, सगळं मीटरमध्ये. फूट भरले तर ट्रॉलरचं जहाज होतं, बघितलंय असं 😄 घरात छपराखाली जीपीएस मिळाला नाही तर घाबरू नको, त्याला आकाश लागतं. आणि खरा नंबर आला की तो बोटीवरच टाक, व्हीएचएफ (रेडिओची) अँटेना जोडून. नंबर आणि जीपीएस दोन्ही मिळाले की डबा आपणहून पाठवायला लागतो, घरी केलंस तर काकांचा ट्रॉलर पर्वरीच्या अंगणात दिसेल. जेटीवर उभ्या बोटीचा ठावठिकाणा ३ मिनिटांनी एकदाच जातो, २ नॉटच्या वर वेग गेला की ३० सेकंदांनी, तेव्हा लगेच दिसली नाही म्हणून परत सेटिंग खोलत बसू नको.